सतरा नंबरचा पाचवा मजला

१

रविवारी संध्याकाळी पावणेसातला नशवा इफ्तार उरकून मॉडेल-खोलीत परत आली, तेव्हा इझ्बत तूतमधल्या सतरा नंबरच्या घरावर एक मजला चढलेला होता.

कैरोत मजला चढणं ही काही बातमी नव्हे. लोक चार मजल्यांची परवानगी घेतात, सहा बांधतात आणि सातव्यासाठी गच्चीवर सळ्या उभ्या सोडून देतात. पण हे घर पुठ्ठ्याचं होतं, उंचीला चहाच्या पेल्याएवढं. ते नशवाने स्वतःच्या हाताने कापून चिकटवलं होतं आणि साडेपाचला ती खाली उतरली तेव्हा ते शहाण्यासारखं चार मजल्यांचं होतं.

तिने मजले मोजले. मग चष्मा पुसून पुन्हा मोजले. पाचच.

गुरुवारी सकाळी दहाला परीक्षक मंडळ बसणार होतं. नगररचना आणि बांधकाम-व्यवसाय अशा जोडनावाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा हा शेवटचा प्रकल्प. विभागाचा नियम भिंतीवरच चिकटवलेला होता: मॉडेल आणि अहवाल यांत एका मजल्याचाही फरक आढळल्यास प्रकल्प नापास. नशवाने मुदत दोनदा वाढवून घेतली होती. तिसऱ्यांदा मिळत नाही. नापास झाली तर दमनहूरला मामाच्या फरश्यांच्या दुकानात बसायचं, हे घरी ठरलेलं होतं. मामा फोनवर तिची चौकशी करायचा ती अशी, की दुकानात मला एकट्याला अजून किती दिवस उभं राहावं लागेल.

प्रकल्प सोपा होता. इझ्बत तूत ही नाईलच्या पश्चिमेची चौसष्ट घरांची, सहा गल्ल्यांची वस्ती. ती पाडायची, अर्ध्या जागेत नव्या इमारती बांधून प्रत्येक कुटुंबाला एक घर द्यायचं, उरलेली जागा मनोऱ्यांसाठी विकायची. टेबलाच्या कडेला मोठ्या अक्षरांत फलक होता: एक मजला, एक कुटुंब, एक नवं घर. कागदावर सगळे सुखी होते.

सुरुवातीला चौघं होती. हाझिमला रियाधला नोकरी लागली. दालियाचं लग्न झालं आणि ती 'आठवड्याभरात येते' म्हणून गेली, त्याला सात महिने झाले. किरोलसचं नशवाशी वाजलं. तो शेजारच्या टेबलावर गेला आणि त्याने प्रकल्प म्हणून एक मॉल घेतला. टेबलाभोवती खुर्च्या मात्र चारच राहिल्या. नशवा रोज एकेका खुर्चीवर आळीपाळीने बसायची, म्हणजे सगळ्या सारख्या झिजतील.

तिने पाचवा मजला ओढून पाहिला. निघेना. ओला बोळा लावला, तसा तो अलगद सुटला, आणि आतल्या बाजूला बिस्किटांच्या पुड्याचं चित्र निघालं.

२

शाबानकाका मॉडेल-खोलीचे राखणदार. किल्ली त्यांच्या कमरेला, आणि एरवी ती दिवसभर खुळखुळत असते. त्यांनी मान हलवत सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं की वरचा मजला नीट बांधला होता का.

"काका, तो पुठ्ठ्याचा आहे."

"तसं नव्हे, इंजिनियरबाई. आमच्याकडे पडतात म्हणून विचारलं."

त्यांचं म्हणणं सरळ होतं. सव्वापाचपासून ते आणि तिघे पहारेकरी फाटकाशी ताटं मांडून बसतात. सहाला बांग होते, सातपर्यंत कोणी उठत नाही. खोलीला कुलूप? खोलीला कुलूप लावायचं तर किल्ली घेऊन तीन मजले चढावं लागतं, आणि उपासाच्या माणसाने तीन मजले चढावेत असं कोणत्या धर्मात लिहिलंय?

नशवाला ते पटलं. रमझानात त्या सव्वा तासात अख्खं शहर ताटावर असतं. रस्ते इतके रिकामे होतात की सिग्नल उगाचच लाल-हिरवे होत राहतात. ती स्वतः रोज कोपऱ्यावरच्या धर्मार्थ मंडपात जेवायची. तिथं कोणी नाव विचारत नाही. दोन टॅक्सीवाल्यांच्या मध्ये तिची जागा ठरून गेली होती. एक भाकरी पुढे सरकवायचा, दुसरा मीठ. अठरा दिवसांत तिघांत मिळून बारा-एक शब्द झाले असतील. दिवसातलं तिचं सगळ्यात गजबजलेलं बोलणं तेच.

म्हणजे गुन्हा अशा वेळी घडला होता, की सगळ्या शहराची साक्ष एकच: मी जेवत होतो.

परत येताना तिसऱ्या मजल्यावर नेहमीप्रमाणे उम्म वाइल भेटली. ती झाडलोट करणारी बाई, पन्नाशीची. तिला सगळे मुलाच्या नावानेच ओळखत, वाइलची आई. खिडकीच्या कट्ट्यावर तिचा डबा फडक्यात गच्च गाठ मारून ठेवलेला होता.

"जेवलीस का गं पोरी?"

"जेवले, मावशी. तुम्ही?"

"बसते नंतर."

सोमवारी नशवा मुद्दाम लवकर परतली. साडेसहालाच. सतरा नंबरचा मजला जागेवर परत आला होता. शिवाय एकोणीस, बावीस आणि तेवीस या घरांनाही एकेक मजला चढला होता. आणि सतराच्या गच्चीवर आता झाडूच्या तारेच्या चार बारीक सळ्या उभ्या होत्या.

सहाव्याची तयारी.

३

बिस्किटांचा पुडा हा पहिला धागा. तिने चारही मजले सोडवले आणि आतली छपाई जुळवून पाहिली. दूध, तूप, अंडं काहीही नसलेली, ख्रिस्ती उपासाला चालणारी बिस्किटं. त्या वर्षी ईस्टरआधीचा मोठा उपास आणि रमझान एकाच वेळी आले होते. विभागात ख्रिस्ती विद्यार्थी एकच, आणि तो शेजारच्याच टेबलावर बसून मॉलला काच बसवत होता.

किरोलसने पुठ्ठ्याचा तुकडा हातात घेतला, उलटासुलटा केला आणि सांगितलं की हो, पुडा माझाच.

"मग मजलाही तुझाच?"

"नशवा, तू माझ्याशी पाच महिन्यांनी बोलते आहेस. जरा हळूहळू चढ ना."

खरं तर पाच महिने आणि नऊ दिवस झाले होते. पण हे आपल्याला माहीत आहे, हे त्याला कळू देण्यात अर्थ नव्हता.

त्याने आपलं म्हणणं मांडलं. रिकामे पुडे तो रोज टेबलाखालच्या टोपलीत टाकतो, कोणीही उचलावेत. इफ्तारच्या वेळी तो घरी असतो, कारण शेजारचं मुसलमान कुटुंब त्याच्या आईला रोज पदार्थ पाठवतं, त्यातले तीन-चतुर्थांश त्याला उपासाने चालत नाहीत, आणि ते बघत बसण्यासाठी वेळेवर घरी पोचावं लागतं. शेवटी त्याने मॉलचा एक तुकडा तिच्यापुढे धरला. कडा तपकिरी, जळकी. "मी सगळं लेसर-यंत्रावर कापतो. तुझं हे कात्रीने कापलंय. तेही कुठल्या कात्रीने, तर भेंडी कापायच्या."

"आणि चिकटवलंय कशाने?"

त्याने वास घेतला. मग जिभेचं टोक लावलं, आणि उपासात बसतं की नाही याचा क्षणभर विचार केला.

"कणकेची खळ," तो म्हणाला.

विद्यार्थी खळ वापरत नाहीत. खळ शिजवतात ती गल्लीत, रमझानच्या कागदी पताका दोरीला चिकटवायला. मग किरोलस मॉलकडे वळला आणि जाता जाता, मागे न बघता, म्हणाला की तुझी घरं चांगली झाली आहेत.

तिचं उत्तर तयार होईपर्यंत त्याने कानात गाणी घातली होती.

४

मंगळवारी सात मजले आणि एक कबुतरखाना.

कबुतरखाना तेवीस नंबरच्या गच्चीवर होता, आइस्क्रीमच्या काड्यांचा, आणि खरं सांगायचं तर टेबलावरच्या सगळ्या बांधकामांत तोच सर्वांत सुबक होता. नशवाला आधी त्याचाच राग आला.

आता उरले डॉ. गलाल, तिचे मार्गदर्शक. बांधकाम-व्यवसायाची बाजू ते शिकवायचे. तिचं मॉडेल त्यांना पहिल्यापासून ठेंगणं वाटत होतं. उंच जा, उंच जा, हा त्यांचा वर्षभराचा मंत्र. शंका घ्यायला जागा होती. ती त्यांच्या खोलीत गेली तेव्हा ते त्या संध्याकाळच्या इफ्तार-मेजवानीसाठी टाय निवडत होते. रोज एका बांधकाम कंपनीची मेजवानी, रोज वेगळं हॉटेल. महिन्याभराचं वेळापत्रक भिंतीवर परीक्षांच्या वेळापत्रकाशेजारीच टांगलेलं होतं. साक्षीदार म्हणाल तर दररोज तीनशे.

तिने आडून विचारलं. त्यांना चढलेले मजले ऐकून वाईट वाटलं, पण ते केवळ संख्येचं.

"एकेक मजला?" ते म्हणाले. "एका मजल्याने काय होतं?"

ही साक्ष कोणत्याही मेजवानीपेक्षा भक्कम होती. डॉ. गलाल यांनी मजले चढवले असते तर घरटी तीस चढवले असते. मात्र दारातून बाहेर पडताना त्यांनी आठवण करून दिली: गुरुवारी मॉडेल अहवालाप्रमाणे हवं. तिसरी मुदत मी मागणार नाही, तूही मागू नकोस.

ती टेबलाशी परत आली. त्या दिवशीची पाळी दालियाच्या खुर्चीची होती. ओला बोळा हातात होता, पण काही केल्या तो मजल्यांना लावावासा वाटेना. मग तिने तीन दिवसांत न केलेली गोष्ट केली. मजले काढण्याऐवजी नीट पाहिले.

पहिली गोष्ट: ते तिच्या मजल्यांसारखे सरळ नव्हते. प्रत्येक मजला गल्लीच्या बाजूला थोडासा पुढे आलेला होता. अशा वस्त्यांत वर बांधताना लोक हात-दीड हात गल्लीवर पुढे सरकतातच. हवेला कोण मालक? खोड काढणाऱ्याने डबा डब्यावर ठेवला असता. हे करणाऱ्याने घर पाहून मजला चढवला होता.

दुसरी गोष्ट: खिडक्या पेन्सिलने काढल्या होत्या आणि सगळ्या बंद होत्या. सातही मजल्यांच्या, झडपांसकट. एकही उघडी नाही.

तिने अहवालाचं परिशिष्ट उघडलं. मजले तिने कसे मोजले होते? ठरलं होतं चौघांनी मिळून घरोघरी चढायचं. मग ती एकटी उरली, आणि एकटीने चौसष्ट जिने चढून चौसष्ट दारं वाजवायची तिची छाती झाली नाही. वीज कार्यालयातल्या एका भल्या कारकुनाने तिला मीटरांची यादी दिली. एक मीटर, एक मजला. खातरजमा म्हणून आकाशातून घेतलेलं छायाचित्र होतं. पण वरून पाहिलं की चार मजले आणि पाच मजले सारखेच दिसतात.

सतरा नंबरला चार मीटर होते.

दीड वर्ष ज्या वस्तीचा ती अभ्यास करत होती तिथं ती दोनदा गेली होती. दोन्ही वेळा गल्लीच्या तोंडाशी उभं राहून फोटो काढले होते, आणि कोणी चहाला बोलावेल या भीतीने लगबगीने परतली होती.

५

बुधवारी सकाळी ती इझ्बत तूतला गेली.

गल्ली पताकांनी भरलेली होती. सतरा नंबरसमोर उभं राहून तिने मान वर केली. एक, दोन, तीन, चार. पाच. पाचवा मजला उघड्या लाल विटांचा, हातभर गल्लीवर पुढे आलेला. खिडक्यांना हिरव्या झडपा. बंद. गच्चीवर चार सळ्या.

एकोणीस, बावीस, सगळं तसंच. तेवीसवरचा कबुतरखाना बघून मात्र ती थोडी ओशाळली. काडीनकाडी बरोबर होता.

मजले कोणी बेकायदा चढवले नव्हते. म्हणजे, चढवले होतेच, पण विटांनी आणि फार पूर्वी. टेबलावर कोणी तरी तिची चूक दुरुस्त करत होतं.

समोर दारात लसूण सोलत बसलेल्या बाईला तिने विचारलं की वर कोण राहतं. बाईने तिच्याकडे असं पाहिलं जसं कोणी रेल्वे स्टेशनावर जाऊन विचारावं की इथं गाड्या येतात का. वर मुलगा राहणार. मुलगा कुठं आहे? इटलीत. त्याच्या शेजारचा? तोही इटलीत. या गल्लीतली पोरं इटलीत, पलीकडच्या गल्लीतली कुवेतला. आई-बाप हयातीत मजला बांधतात, फरशी घालतात, पलंग प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवतात. मीटर कोण घेणार तिथं? बटण दाबायला माणूस नको का?

परतीच्या बसमध्ये नशवाने सगळं एका ओळीत लावलं. गुन्हेगार या गल्लीतला, कारण घर, खळ आणि कबुतरं. विभागात त्याची ये-जा आहे, आणि टोपलीतला पुडा उचलला तरी कोणी वळून बघत नाही, कारण टोपल्या उचलणं हेच त्याचं काम. राहिला प्रश्न वेळेचा. शहर ताटावर असताना कोण जेवत नव्हतं?

रमझान लागल्यापासून रोज संध्याकाळी तिने एक डबा पाहिला होता. बांग होऊन पाऊण तास झाला तरी गाठ न सुटलेला.

एवढंच कळेना, की दिवसभर उपाशी राहिलेली बाई आपल्या ताटाशी एवढी कशाची वाट बघते.

६

त्या संध्याकाळी ती मंडपात गेली नाही. दोन टॅक्सीवाले आपल्यामध्ये एक जागा रिकामी ठेवून जेवत असतील, असं उगाच तिच्या मनात आलं. ती किरोलसच्या जुन्या खुर्चीवर बसून राहिली. सहाला बांग झाली. तिने एक खजूर तोंडात टाकला, वर पाणी घेतलं.

सहा वाजून दहा मिनिटांनी दार उघडलं. उम्म वाइलच्या एका हातात झाडू, दुसऱ्यात खळीची वाटी, काखेत पुठ्ठे. नशवाला बघून ती थबकली. मग पळून जाण्यात आता काही अर्थ नाही अशा हिशेबाने तिने वाटी टेबलावर ठेवली.

"आज जेवायला गेली नाहीस?"

"तुम्ही तरी कुठं जेवलात, मावशी?"

"मी पाणी पिऊन उपास सोडते. जेवण साडेसातला." तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "मिलानला सूर्य उशिरा बुडतो. वाइलची बांग झाली की तो फोन लावतो, मग दोघं बसतो. पोरगं तिकडे एकटं जेवतं."

नशवाने विचारलं की हे किती वर्षं.

"नऊ रमझान."

मग उम्म वाइल भराभर बोलत सुटली, बराच काळ तोंडाशी धरून ठेवलेलं बोलल्यासारखी. महिनाभरापूर्वी टेबल पुसताना तिने आपली गल्ली ओळखली. फलक वाचला, एक मजला, एक कुटुंब. घर शोधलं तर चारच मजले. वाटलं, अजून काम चालू आहे, पोरगी चढवेल. रोज पुसताना बघायची. मग शाबान म्हणाला की गुरुवारी मोठी माणसं येऊन सगळं पक्कं करणार. मग राहवेना. घरी बोलली, तर शेजारणी म्हणाल्या आमचाही लाव. कबुतरखाना तेवीस नंबरच्या हाज्जी बयूमीने स्वतः करून दिला. त्याला सांगितलं की त्याची गरज नाही, पण ऐकतो कोण. एकीने तर डिश ॲन्टेना पाठवला होता, पण तो बाटलीचं बूच होता, तिलाच परत दिला.

"मावशी, हा फक्त अभ्यास आहे. यावरून कोणी घरं पाडणार नाही."

"आज अभ्यास आहे," उम्म वाइल म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. "पाच-सात वर्षांनी तू कुठल्या तरी कचेरीत असशील. तेव्हा पोर म्हणेल, आई, मी आलो. त्याला काय सांगू, तू यादीत नव्हतास?"

"मला सांगायचं होतं ना. मी रोज इथंच तर बसते."

"सांगितलं असतं तर परवानगी विचारली असतीस. परवानगी नाही." ती खळ ढवळू लागली. "आणि दोन वर्षं तू मला सलाम करतेस, पोरी. मी राहते कुठं हे एकदा तरी विचारलंस?"

ओला बोळा टेबलावरच पडलेला होता. अर्ध्या तासात सगळे मजले निघाले असते, मॉडेल अहवालाशी तंतोतंत जुळलं असतं आणि उद्या दुपारी ती पास झाली असती. उम्म वाइललाही हे दिसत होतं. काखेतले पुठ्ठे तिने अजून खाली ठेवले नव्हते.

नशवाने खुर्ची पुढे ओढली.

"तुमच्या गल्लीत असे एकूण किती आहेत?"

"एकोणीस. काही घरांवर दोन-दोन."

"आणि बाकीच्या गल्ल्यांत?"

"ते मला काय माहीत? जाऊन बघावं लागेल."

साडेसातपर्यंत दोघींनी मिळून एकोणीस पुरे केले. कात्री खरोखरच भेंडी कापायची होती. मग फोन वाजला, आणि नशवा पाणी आणायला म्हणून बाहेर गेली आणि बराच वेळ बाहेरच राहिली.

७

गुरुवारी तीन परीक्षक टेबलाभोवती फिरले. मॉडेल आणि अहवाल यांत एकोणीस मजल्यांचा आणि एका कबुतरखान्याचा फरक होता.

नशवाने सांगून टाकलं. मीटर मोजले, माणसं मोजली नाहीत. एका गल्लीत एकोणीस मजले सुटले, बाकी पाच गल्ल्यांत किती सुटले ते माहीत नाही, त्यामुळे नव्या इमारती, विकायची जागा आणि मनोरे, सगळं चूक. मजले कोणी चढवले असं विचारल्यावर ती म्हणाली, रहिवाशांनी.

डॉ. गलाल यांनी डोळे मिटून घेतले. मग आपल्या विद्यार्थिनीला वाचवण्याचा त्यांनी मनापासून प्रयत्न केला. मजल्यावर कोणी राहत नसेल तर तो रिकामा, रिकामा म्हणजे मालकाची गुंतवणूक, आणि गुंतवणुकीला कोणी घर देत नसतं. तेव्हा मूळ आकडा बरोबरच. नशवाने हो म्हणायचं, एवढंच काम होतं.

"रिकामे नाहीत ते, सर."

"कोण आहे आत?"

"कोणी नाही."

बाहेरून आलेल्या परीक्षक सोहैरबाई, गृहनिर्माण खात्यातून निवृत्त झालेल्या, इतका वेळ सतरा नंबरच्या बंद खिडक्यांशी वाकून उभ्या होत्या. त्यांनी सरळ होत विचारलं, "तू स्वतः यातली किती घरं चढलीस?"

"एकही नाही. काल खालून एक गल्ली पाहिली."

"मग चौसष्ट उरली."

निकाल एका शब्दाचा होता: अपूर्ण. तिसरी मुदत देण्याचा नियम नव्हता, पण सोहैरबाईंनी टिपणात लिहिलं की पहिल्या दोन मुदतींत काम सुरूच झालेलं नसल्याने ही पहिलीच धरावी. सप्टेंबरपर्यंत. मामाला फोनवर सांगितलं तेव्हा त्याने पलीकडे कोणाला तरी फरशी जपून ठेवायला सांगितलं. किरोलस पास झाला. मॉलमध्ये कोणी राहत नाही हा फायदा, असं तो म्हणाला, आणि सामान आवरून निघून गेला.

ईद झाल्यावरच्या शनिवारी नशवाने एक नंबरच्या घराचं दार वाजवलं. उघडलं ते एका म्हाताऱ्याने. तिने कशाला आलो ते सांगितलं. त्याने पूर्ण ऐकून न घेताच किल्ल्यांचा जुडगा काढला आणि तिच्यापुढे जिना चढू लागला, दर मजल्यावर श्वास घ्यायला थांबत.

वरच्या खोलीत अंधार होता. मीटर नसल्याने दिवा नव्हता. त्याने चाचपडत जाऊन झडपा ढकलल्या, तसा उजेड पलंगावरच्या प्लास्टिकवर पडला. फरशी निळी होती. कोपऱ्यात गॅसची शेगडी, नवी, तिच्या पायांवरचे पुठ्ठे अजून काढलेले नव्हते. म्हातारा तिला सगळं दाखवू लागला: नळ, कपाट, खिडकीतून दिसणारी मशीद. गिऱ्हाइकाला दाखवावं तसं नाही. जरा घाईने, जणू तीच कोणाला तरी जाऊन सांगणार होती.

नशवाने छापील नमुना काढला. त्यात प्रत्येक मजल्यासाठी दोनच रकाने होते. वस्ती आहे. रिकामा.

"नाव?" तिने विचारलं.

"शरीफ. मुलगा माझा." मग तिची पेन्सिल थांबलेली बघून तो जवळ आला आणि कागदावर बोट टेकवून म्हणाला, "इथं लिहा बाई. येणार आहे."

तिने पट्टी ठेवून तिसरा रकाना आखला आणि तसंच लिहिलं.

संध्याकाळपर्यंत पहिल्या गल्लीची अकरा घरं झाली. पहिला रकाना भरला, दुसरा कोरा राहिला, आणि तिसऱ्यात जागा पुरेना म्हणून तिने कागद आडवा करून समासात नावं लिहायला सुरुवात केली.